सांगलीतलं गटिंग, माझं कोपर आणि रिचर्ड क्रायचेक

सांगलीत टेनिसची रॅकेट विणून देणाऱ्या एका काकांचा आधी निकाल सांगून टाकतो, पाल्हाळ नंतर. कामाला दहापैकी साडेनऊ, दराला नऊ, वेळेला तीन, आणि ते तीनपण मी मास्तर असल्यामुळं, शून्य द्यायला हात उचलत नाही म्हणून.

तर विषय असा की सांगलीत टेनिसच्या रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळीची तार (तिलाच गट म्हणायचं) ओवून ताणून घ्यायचं काम, कुठं करून मिळतं. बॅडमिंटनचं म्हणाल तर करणारे पायलीचे पन्नास, सकाळी टाका संध्याकाळी न्या. टेनिसचं म्हणलं की मात्र "ठेवून जावा, बघतो" म्हणतात आणि ती रॅकेट कुठल्या कुठल्या गावाचं पाणी पिऊन परत येते देव जाणे. आमच्या कोर्टवर नवीन आलेलं पोरगं गट तुटला की पहिलं हेच विचारतं, आणि चार जण चार गावं सांगतात, एक म्हणतो कोल्हापूर, एक म्हणतो पुणे. काही गरज नाही. विश्रामबागेत, मिरज रोडपासनं आत गेलं की एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत एक काका हे काम करतात. दुकान म्हणायचं तर पाटी नाही, शोकेस नाही, एक मशीन, एक टेबलफॅन, भिंतीला खिळे आणि खिळ्यांना रॅकेटी. नाव टाकू का म्हणून विचारलं तर "नको सर, आहेत तेवढ्याच उरकंनात" म्हणाले, त्यामुळं नाव-नंबर देत नाही, कोर्टवर या, कुणीबी सांगंल.

मी तिथं कसा पोचलो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी चव्वेचाळीसचा, शाळेत गणित शिकवतो, आठवड्यातनं चार दिवस पहाटे सहाला मातीच्या कोर्टवर खेळतो. दोन वर्षांपूर्वी पुण्याला लग्नाला गेलतो, तर म्हणलं जाताजाता तिथल्या मोठ्या दुकानात गटिंग करून घेऊ, एसी दुकान, काचेचं दार, आपल्याला वाटलं इथं काय चुकायचं नाही. काउंटरवरच्या पोरानं एवढंच विचारलं, "प्रो लेव्हलचं टाकू का?" आता प्रो लेव्हल नको म्हणणारा माणूस मला दाखवा. टाक म्हणलं. त्यानं पॉलिएस्टरची ताठ तार अठ्ठावन्न पाउंडाला, म्हणजे लय आवळून, ताणून दिली, वर एक ग्रॉमेट, म्हणजे तार जाते ती फ्रेमच्या भोकातली प्लॅस्टिकची नळी, फोडला, फ्रेमच्या कडेला रंगाचा टवका उडवला, आणि घेतलेल्या पैशात आमच्या लग्नाच्या आहेराचं पाकीट दोनदा निघालं असतं. तेही चाललं असतं. पण तीन आठवड्यांनी कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ यायला लागली की दुधाची पिशवी उचलताना डोळ्यांपुढं तारे, स्कूटरची किक डाव्या पायानं मारायचा विचार करायला लागलो इतकी गत. फळ्यावर तिसरं गणित लिहीपर्यंत हात भरून यायचा, पोरं खूश, मास्तर आज लवकर थांबला. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. बायको म्हणाली, नावातच टेनिस आहे ना मग खेळायचं बंद करा, साधा उपाय आहे. सहा महिने बंद केलं. फिजिओनं रबरी पट्टा दिला, मनगटाचे व्यायाम दिले, कंटाळा येईपर्यंत केले आणि कंटाळा आल्यावरपण केले.

मग कोर्टवरच्या एका सीनियर मेंबरनी ओढत काकांकडं नेलं.

मी रॅकेट पुढं केली. दुसरा कुणी असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, किती पाउंड? काकांनी रॅकेट बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हात दाखवा सर." मला वाटलं भविष्यबिविष्य बघतात काय. त्यांनी कोपराच्या हाडाच्या जरा खाली अंगठा दाबला, मी खुर्चीतनं उठलो, आणि ते हसले. "पॉली होती ना? छप्पनच्या वर?" अठ्ठावन्न म्हणलं. "कुणासारखं खेळायचं होतं तुम्हाला?"

आता ह्या प्रश्नाला लोक फेडरर म्हणतात, नदाल म्हणतात. माझ्या तोंडातनं खरं बाहेर पडलं. म्हणलं, क्रायचेक.

काका दोन सेकंद गप्प. मला वाटलं आता कोण म्हणून विचारणार, सगळेच विचारतात. तर म्हणाले, "सॅम्प्रसला पाडलेला? तो हॉलंडचा उंच पोरगा? अहो सर, त्याचंच तर कोपर गेलं."

तिथंच मी ह्या माणसाचा भक्त झालो. पुढचं सगळं परीक्षण एका भक्तानं लिहिलंय हे लक्षात घेऊन वाचा.

क्रायचेकचं वेड मला कसं लागलं ते सांगतो, कारण आजकालच्या पोरांना हे नावच माहीत नाही आणि आमच्या वेळच्या पेपरात तर रोज वेगळ्या स्पेलिंगनं यायचं, एक दिवस क्राजिचेक, दुसऱ्या दिवशी क्रायसेक. १९९६ साल. मी आठवी संपवून नववीत गेलेलो. आमच्या घरी केबल नव्हती, शेजारच्या वहिनींकडं होती, आणि विम्बल्डनच्या मॅचेस आपल्याकडं संध्याकाळी साडेसहाच्या पुढं सुरू व्हायच्या, म्हणजे नेमकी वहिनींच्या मालिकांची वेळ. रोज वाटाघाटी. त्या काळात सॅम्प्रस म्हणजे विम्बल्डनचा मालकच, ९३, ९४, ९५ सलग तीन वेळा जिंकलेला, आणि सगळे गृहीत धरून बसलेले की चौथा झाला म्हणजे झालाच. क्वार्टर फायनलला समोर कोण, तर हा सहा फूट पाच इंच उंचीचा डच माणूस, ज्याला पहिल्या सोळा मानांकनात जागा नव्हती, थॉमस मस्टरनं दुखापतीमुळं माघार घेतली म्हणून ड्रॉमध्ये त्याच्या जागी सरकवलेला. आधीच्या दोन वर्षी तर हा पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळून गेलता.

त्या मॅचला पाऊस आला. तिकडं लंडनला पाऊस, इकडं सांगलीतपण पाऊस, आणि पाऊस म्हणलं की आमच्याकडं लाईट जाणारच. मॅच दोन दिवसांत पुरी झाली आणि मी दोन्ही दिवस मिळून तुकडे तुकडे बघितली, पण जे बघितलं ते असं की हा माणूस बॉल वर टाकायचा, गुडघे जरा वाकवायचा, आणि पुढचं दिसायचंच नाही, फक्त मागच्या पडद्यावर धप्प. सॅम्प्रस, जो दुसऱ्यांना असं करायचा, तो खांदे पाडून रेघेच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचा. ७-५, ७-६, ६-४. तीन सेटमध्ये. १९९३ ते २००० ह्या आठ वर्षांत सॅम्प्रस विम्बल्डनवर एकच मॅच हरला, ती ही. बाकी सात वर्षी कप त्याचा. म्हणजे आठ वर्षांच्या भिंतीत एकच वीट निखळलेली आहे आणि तिच्यावर क्रायचेकचं नाव आहे, हे मी अजून लोकांना चहा पाजून सांगतो.

फायनल ७ जुलैला रविवारी झाली, समोर मालिवाय वॉशिंग्टन, १९७५ च्या आर्थर अ‍ॅशनंतर विम्बल्डनच्या फायनलला गेलेला पहिला कृष्णवर्णीय पुरुष. मॅचआधी दोघं जाळीजवळ फोटोला उभे असताना एक बाई नुसता एप्रन लावून कोर्टवरनं पळत गेली. टीव्हीवर नेमकं काय दिसलं ते आता सांगता येत नाही, पण वहिनी उठून टीव्हीच्या पुढं उभ्या राहिल्या ते पक्कं आठवतंय, आणि त्या बाजूला होईपर्यंत खेळ सुरू झालता. ६-३, ६-४, ६-३. एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला डच पुरुष. महिनाभरात अटलांटाला लिएंडर पेसनं ब्राँझ आणलं आणि आमच्या गल्लीत सगळे पेस झाले, प्लायवूडच्या रॅकेटी, खडूनं रस्त्यावर कोर्ट. मी एकटा क्रायचेक. उंची तेव्हा चार फूट दहा. सर्व्हिस जाळीत.

हे सगळं काकांना सांगितलं तर ते मशीनला फ्रेम आवळत आवळत पुढचं सांगायला लागले, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं राव. क्रायचेकचे आईवडील मूळचे चेकोस्लोव्हाकियाचे, तिथनं हॉलंडला आलेले, पोरगा १९७१ ला रॉटरडॅममध्ये जन्मला. विशीत, १९९२ ला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या सेमीफायनलला पोचला आणि खांदा दुखावल्यामुळं जिम कुरियरविरुद्ध कोर्टवर उतरलाच नाही. काका म्हणाले, "सर, तिथनंच बघा, सुरुवातच अंगदुखीनं." त्याच वर्षी तो महिला टेनिसपटूंच्या वजनाबद्दल काहीतरी भलतंच बोलून बसला आणि जगभर शिव्या खाल्ल्या, त्याचं समर्थन आम्ही दोघंबी करत नाही, वय वीस असलं तरी तोंडाला झाकण पाहिजे. १९९३ ला फ्रेंचची सेमी, तीपण मातीवर, परत कुरियर, परत हरला. त्याला लोक नुसता सर्व्हिसवाला म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही, नुसत्या सर्व्हिसवर पॅरिसच्या मातीत कुणी सेमीला जात नाही.

आणि मग नुसतं हुकत राहणं. १९९८ ची विम्बल्डन सेमी, समोर इव्हानिसेविच, पाचवा सेट १५-१३, गेला. १९९९ ला मायामीची स्पर्धा जिंकला, चौथ्या नंबरला पोचला, करिअरमधला सगळ्यात वरचा नंबर तोच. त्याच वर्षी यूएस ओपनच्या क्वार्टरला काफेल्निकोव्हविरुद्ध ४९ एस, म्हणजे समोरच्याच्या रॅकेटला लागल्याच नाहीत अशा सर्व्हिस, मारले. एकोणपन्नास! म्हणजे बारा गेम तर समोरच्यानं बॉलला हात न लावता दिले म्हणा. आणि तरी हरला, पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या गेममध्ये. मी हे गणिताच्या तासाला उदाहरण म्हणून घालतो, की बेरीज बरोबर असूनपण उत्तर चुकू शकतं, पोरं बघत राहतात. २००० ला यूएस ओपनला परत सॅम्प्रस, पहिला सेट खिशात, दुसऱ्याच्या टायब्रेकला ६-२ पुढं, चार सेट पॉइंट हातात, आणि तिथनं उलटलं. तरीबी दोघांच्या एकूण दहा मॅचचा हिशोब क्रायचेक सहा, सॅम्प्रस चार. सॅम्प्रसपुढं असा हिशोब घेऊन रिटायर झालेले किती सापडतात बघा तुम्हीच.

त्यानंतर कोपर. ऑपरेशन, २००१ चं अख्खं वर्ष गायब. गुडघ्यावर आधीच सुरी फिरलेली. २००२ ला परत आला आणि विम्बल्डनला जेम्स ब्लेकला पाचव्या सेटला ११-९ असं काढलं, क्वार्टरला गेला, तिथं मॅलिसकडनं परत पाच सेटमध्ये हरला. २००३ ला थांबला. एकतिसाव्या वर्षी. सतरा एकेरी स्पर्धा जिंकून. आता रॉटरडॅमची स्पर्धा तोच चालवतो, २००४ पासनं डायरेक्टर आहे, आणि त्याच्या नावाची संस्था शहरातल्या वस्त्यांमध्ये पोरांना खेळायला मैदानं करून देते.

"दुसरा बघा," काका म्हणाले, "व्हेरकर्क." मार्टिन व्हेरकर्क, तोपण डच, तोपण ताडमाड, २००३ ला फ्रेंच ओपनच्या फायनलला गेला, आणि त्याआधी ग्रँड स्लॅममध्ये त्यानं एकपण मॅच जिंकली नव्हती! कार्लोस मोया, गिलेर्मो कोरिया असले मातीतले वाघ पाडले आणि फायनलला हुआन कार्लोस फेरेरोनं त्याला सरळ तीन सेटमध्ये गुंडाळला. पुढं खांदा गेला आणि माणूसच दिसंनासा झाला. काकांचं म्हणणं असं की ह्या उंच सर्व्हिसवाल्यांचा हात म्हणजे ताणलेली तार, कितव्या फटक्याला तुटंल सांगता येत नाही. मी म्हणलं काका, तुम्ही डच लोकांच्याच मागं का लागलाय. तर म्हणाले, "लागायला काय, सुरुवात तर त्यांनी झकास केलती," आणि टॉम ऑकरचा किस्सा काढला, की १९६८ ला यूएस ओपनची फायनल हरला तो, पण जिंकलेला आर्थर अ‍ॅश अमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडू, असल्यामुळं त्याला बक्षिसाची रक्कम घेता येत नव्हती, म्हणून ती मिळाली हरलेल्या ऑकरला, चौदा हजार डॉलर. "हरून पैसे मिळवायची अक्कल पाहिजे सर." मी घरी येऊन तपासलं, खरं निघालं. आणि १९९९ ला पेस-भूपतीनं विम्बल्डन डबल्स जिंकलं तेव्हा समोरच्या जोडीत पॉल हारहाऊस होता, तोपण डच, हे मला आठवलं म्हणून मी सांगितलं, म्हटलं आपलीपण एक बाजू लागू दे.

बरं, आता कामाचं. कारण नुसत्या गप्पांना कोण पैसे देत नाही.

काकांचं मशीन हँडल फिरवायचं आहे, इलेक्ट्रॉनिक नाही. हँडल ओढायचं, ठरलेला ताण आला की खट आवाज होऊन ते लॉक होतं. ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो, अशा मशीनवर लॉक झाल्यानंतर तार जरा सैल पडते, त्यामुळं इलेक्ट्रॉनिकवरचे पन्नास आणि ह्यावरचे पन्नास एक नव्हे, इथले जरा मऊ लागतात. काका हे आपणहून सांगतात, ही एक गोष्ट मला लय आवडली, पुण्यातल्या काचेच्या दारामागं कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या रॅकेटला त्यांनी पॉली काढून मल्टिफिलामेंट टाकली, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक धागे पिळून केलेली तार, हाताला मऊ, आणि ताण सरळ पन्नासवर आणला. मी म्हणलं काका, पन्नासला बॉल कंपाउंडच्या बाहेर जाईल की. तर म्हणाले, "जाऊ दे दोन दिवस. मग तुम्हीच फटका आवराल. सैल तार बॉल लांब फेकते, ताठ तार हाताला फेकते." पॉलीबद्दल त्यांचं म्हणणं, ते पोरांचं खेळणं. १९९७ ला ब्राझीलचा कुएर्तेन पॅरिसला फ्रेंच ओपन ती तार लावून जिंकला आणि मग सगळं जग तिच्या मागं लागलं, पण कुएर्तेन तेव्हा वीस वर्षांचा होता आणि तुम्ही शाळेत खडू धरता.

काम करताना बघण्यासारखं असतं. आधी उभ्या तारा, सोळा. मग आडव्या, एकोणीस, त्या विणाव्या लागतात, एक वर एक खाली, आणि इथंच गंमत आहे. घाईघाईनं आडवी तार ओढली की उभ्या तारेवर घासून ती जळते, बारीक खाच पडते आणि महिन्याभरात तिथंच तुटते. काका तार ओढताना दुसऱ्या हातानं ती सारखी वर-खाली हलवत राहतात, पंखा हलवल्यासारखी, म्हणजे एकाच जागी घासायला नको. डोळे मशीनवर नाहीतच. बोटं आपली आपण वर-खाली वर-खाली, आणि तोंड क्रायचेकवर. एक भोक बुजलेलं होतं तिथं आरीनं अलगद उघडून घेतलं, फुटका ग्रॉमेट बदलला, त्याचे पैसे लावले नाहीत. शेवटची गाठ बांधली, मशीन सोडलं, आणि बोटानं गटावर एक टिचकी मारून कानाजवळ धरली. टण्ण. परत एक, जरा वरच्या बाजूला. मान हलवली. बरोबर.

आता हे मिरजेच्या शेजारी बसून लिहितोय म्हणून सांगायलाच पाहिजे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलात कधी, तर तिथं माणसं तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा सूर, लावताना अशीच मान वाकडी करून ऐकत असतात, भोपळ्यावर कान, बोटात तार, आणि चेहऱ्यावर जगाशी संबंध नसल्याचे भाव. २०२४ ला तिथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय टॅग, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख, मिळाला तेव्हा आम्हाला केवढा अभिमान. काकांचा आणि त्या गल्लीचा काही संबंध नाही, मी विचारलं, त्यांच्या घरात हळदीची दलाली होती. पण ह्या पट्ट्यातल्या माणसाला ताणलेल्या तारेचं काहीतरी कळतं असा माझा आपला समज आहे, पुरावा मागू नका.

रिझल्ट सांगतो. पहिल्या दिवशी खरंच दोन बॉल भिंतीपलीकडं गेले आणि एक समोरच्या पार्टनरच्या चष्म्याजवळनं. तिसऱ्या दिवसापासनं बसायला लागलं. खोली वाढली, म्हणजे तेवढ्याच जोरात बॉल मागच्या रेघेजवळ पडायला लागला, आणि कोपरात पूर्वी फटक्याबरोबर जी टोचणी जायची ती नाही. आता हे सगळं तारेमुळंच असं मी म्हणणार नाही, सहा महिने विश्रांती आणि व्यायाम पण होता, डॉक्टरांचं श्रेय काढून घ्यायचं नाही. पण त्याच हातानं त्याच रॅकेटनं खेळून कळ येत नाही एवढं खरं. तोटा असा की मल्टिफिलामेंटची तार मातीत लवकर झिजते, माती तारेत बसते आणि करवतीसारखी कापते, माझा गट अडीच महिने टिकला. आठवड्याला जितक्यांदा खेळता तितक्यांदा वर्षाला गटिंग, हा जुना हिशोब, त्यात बसतंय तसं. जे पोरं दणकून टॉपस्पिन, म्हणजे बॉल पुढं गरगरवणारा फटका, मारतात त्यांचा हा गट पंधरा दिवसात तुटंल, त्यांनी उगीच माझं ऐकून पैसे घालवू नयेत.

दर: तार तुमची असेल तर नुसती मजुरी अडीचशे. सिंथेटिक गट त्यांच्याकडचा घेतला तर मजुरीसकट साडेपाचशे, मल्टिफिलामेंट साडेनऊशे. मी दिलेले दर हे आहेत, तुम्ही जाईपर्यंत बदलले तर माझ्याशी भांडू नका. ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पट्टी, बसवून देतात, ग्रिपची घेतली तेवढीच किंमत, बसवायचे वेगळे नाहीत. कार्ड चालत नाही, यूपीआय चालतं पण स्कॅनरचा कागद त्यांच्या सूनबाईंकडं असतो आणि सूनबाई आत स्वयंपाकात असतात, तेव्हा रोख ठेवा.

आता तक्रारी, नाहीतर म्हणाल पैसे घेऊन लिहिलं. वेळ. "उद्या या" म्हणजे परवा, "परवा या" म्हणजे पुढच्या आठवड्यात, आणि "झालंच बघा" म्हणजे अजून खिळ्यावरनं काढलेली नाही. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपला दोन निळ्या टिका येतात आणि पुढं काही नाही. एकदा तर जिल्ह्याची मॅच सोमवारी, शनिवारी रॅकेट देतो म्हणालते, मी शनिवारी गेलो तर कुलूप, शेजारी म्हणाले जत्रेला गेलेत. मी ती मॅच उसनी रॅकेट घेऊन खेळलो आणि सरळ दोन सेटमध्ये हरलो, तसा मी माझ्या रॅकेटनं पण हरलो असतो, पण दोष द्यायला काहीतरी मिळालं. दुसरी गोष्ट, मशीनचे दोन क्लॅम्प, म्हणजे तार पकडून ठेवणारे चिमटे, जुने झालेत, बारीक तार घसरते, १.२० मिलिमीटरची वगैरे आणली तर काका आधीच नाक मुरडतात. आणि तिसरी, तुम्ही तुमचा आकडा घेऊन गेलात, की मला साठच पाहिजे, तर भांडणाची तयारी ठेवा. कॉलेजचं एक पोरगं माझ्यासमोर असं साठ साठ करत बसलं, काकांनी रॅकेट परत हातात दिली, म्हणाले आधी आईला घेऊन ये, ती सही करू दे. पोरगं हसत गेलं, चार दिवसांनी बावन्नवर तयार होऊन आलं.

बसायला एकच प्लॅस्टिकची खुर्ची आहे. चहा येतो, गोड असतो. भडंगाची पुडी नेलीत तर तुमचा नंबर वर सरकतो असं कोर्टवर म्हणतात, मी दोनदा नेली, सरकला नाही, पण पुडी संपली.

एक बारीक गोष्ट राहिली. गटिंग झालं की काका पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा रॅकेटच्या गळ्यात आतल्या बाजूला लावतात आणि त्यावर बॉलपेननं तारीख, तार आणि पाउंड लिहितात, म्हणजे पुढच्या वेळी विसरायला नको. माझ्या पट्टीवर "मल्टी ५०" च्या खाली अजून काहीतरी बारीक लिहिलंय हे मला घरी येऊन दिसलं. चष्मा लावून वाचलं तर "क्रायचेक सर." आता शाळेतली पोरंपण कोर्टवर येतात, त्यातल्या एकानं ते वाचलंय, आणि वर्गात मागच्या बाकावरनं काय नाव ऐकू येतंय ते तुम्हाला सांगायला नको.

परवा जाऊन आलो, दुसरी रॅकेट टाकलीय. गुरुवारी या म्हणालेत. मी शनिवारी जाणार आहे.